बिनश्वासाचा आवाज

आवाजातून माणूस काढून टाकायचा असेल तर आधी त्याचा श्वास कापावा लागतो. आवाज जाड करा, बारीक करा, पत्र्याच्या पिंपातून आल्यासारखा करा. दोन वाक्यांच्या मध्ये त्याने हवा आत घेतलेली ऐकू आली की ऐकणाऱ्याला कळतंच, हा आपल्यातलाच कोणीतरी आहे, सोंग घेऊन बसलाय. कात्रीला हे फार लवकर कळलं होतं. म्हणूनच यंत्रमानवांचे, परग्रहावरच्यांचे, बोलक्या दारांचे आणि बिघडलेल्या संगणकांचे आवाज करायची वेळ आली की लोक तिला शोधत यायचे.

कात्री हे काही तिचं खरं नाव नव्हे. ध्वनिसंपादनाच्या धंद्यात कोणीतरी थट्टेने ठेवलेलं आणि मग चिकटलेलं. बोलणाऱ्याचं अडखळणं, घसा खाकरणं, ओठांची चुटचूट ती इतक्या सफाईने कापायची, की नंतर ऐकताना खुद्द बोलणाऱ्यालाही आपण अडखळलो होतो हे पटायचं नाही. बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी ती आईबाबांकडे राहायला आली आणि मग परत जाणं राहूनच गेलं. घरातली मागची खोली तिने कामासाठी घेतली. भिंतींवर कापूस भरलेल्या जाड चौकटी, दाराच्या फटीला रबराची पट्टी, खिडकीला दुहेरी पडदा. मध्ये एक टेबल, त्यावर दोन स्क्रीन, आणि कोपऱ्यात माइकसमोर एक खुर्ची. त्या खोलीत शिरलं की आई म्हणायची, "कानात बोळे घातल्यासारखं होतं गं इथे." कात्रीला मात्र तिथेच बरं वाटायचं.

त्या वर्षी पावसाळा सुरू होता होता तिच्याकडे एका मालिकेचं काम आलं. फोनवर ऐकायची मालिका. एक अवकाशयान फार लांब निघून गेलंय, त्यात एकटीच बाई जागी आहे आणि तिच्याशी बोलायला फक्त यानाचा आवाज आहे, अशी गोष्ट. त्या आवाजावर सगळा डोलारा उभा होता.

दिग्दर्शक माणूस भला होता, पण आपल्याला काय नको ते त्याला नेमकं कळायचं आणि काय हवं ते अजिबात कळायचं नाही. कात्रीने नाटकातल्या एका नटाचा आवाज घेतला. त्यातले सगळे चढउतार सपाट करून प्रत्येक शब्द एकाच पट्टीत आणला. त्याच आवाजाची दुसरी प्रत खाली ठेवून ती केसभर मागे सरकवली, म्हणजे आवाज नळीतून आल्यासारखा पोकळ झाला. मग स्वयंपाकघरातल्या फ्रिजची घरघर टेपून ती त्या शब्दांमध्ये अशी मिसळली की ओठ नटाचे आणि घसा फ्रिजचा. शेवटी सगळे श्वास कापले. काम चोख होतं.

"छान आहे," दिग्दर्शक म्हणाला. "पण हा माणूसच आहे. डब्यात तोंड घालून बोलतोय."

तिने नट बदलला, पट्टी बदलली, फ्रिजच्या जागी पंखा घेतला, मग पाण्याची मोटर घेतली. प्रत्येक वेळी तेच. डब्यातला माणूस. शेवटी कात्रीने हात टेकले.

आणि एका सकाळी दिग्दर्शकाने तिच्या मोबाइलवर फोन केला, तेव्हा ती अंघोळीला गेली होती. फोन जेवणाच्या टेबलावर वाजत राहिला. आई बाहेर गेलेली. बाबांनी तो उचलला.

बाबा फोन कधीच उचलत नसत. घशातल्या गाठीमुळे त्यांची स्वरपेटी काढून टाकल्याला काही वर्षं झाली होती. आता ते मानेच्या खालच्या बाजूला ठेवलेल्या एका भोकातून श्वास घेत. त्यावर एक पातळ सुती फडकं बांधलेलं असे, आणि ते श्वासाबरोबर हलत असे. नाकातोंडाची वाट फुप्फुसांपासून कायमची तोडलेली. बोलायचं असलं की ते टॉर्चएवढं एक यंत्र गळ्याला लावत. यंत्र गुणगुणायचं, बाबा जीभ आणि ओठ हलवून त्या गुणगुणीचे शब्द करायचे. एकाच पट्टीतले. त्यात ना राग यायचा, ना लाड. आणि त्यात श्वास नसायचा. कात्री जे तासन्‌तास बसून करायची, ते बाबांच्या गळ्यात आपोआप होत होतं. हे तिच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. तिने ते लक्षात येऊ दिलं नव्हतं.

ती अंघोळीला गेलीय, एवढं बाबांनी यंत्रातून सांगितलं, आणि ती केस पुसत बाहेर आली तेव्हा फोन तिच्यापुढे धरला. पलीकडे दिग्दर्शक नुसता ऐकत थांबला होता.

"कोण होतं आत्ता?" त्याने हलक्या आवाजात विचारलं.

"माझे वडील."

"विचारशील का त्यांना?"

"नाही," ती म्हणाली. "ते यंत्र आहे. त्यांच्या आजाराचं. त्याचा खेळ नाही करायचा."

पण तिचा फोन मोठ्या आवाजावर होता आणि बाबांचे कान शाबूत होते. त्यांनी यंत्र गळ्याला लावलं.

"मला विचार," यंत्र गुणगुणलं. "ठमे. मला विचार ना."

ठमी हे तिचं लहानपणचं नाव. कित्येक महिन्यांत त्यांनी तिला हाक मारली नव्हती.

ऑपरेशनच्या आधी बाबा पोहायला शिकवायचे. सार्वजनिक तलावावर त्यांनी आयुष्य काढलं. सगळ्या पाण्यावरून, मुलांच्या कलकलाटावरून त्यांची हाक पलीकडच्या काठाला पोचायची. आता तलावाच्या जवळही जायची सोय नव्हती. गळ्याशी पाणी आलं तर ते थेट फुप्फुसात उतरलं असतं. आधी पाणी सुटलं, मग मित्र, मग बोलणं. आईने सुरुवातीला विनोद करून पाहिले. "जन्मभर ओरडलात, आता बॅटरीवर आलात," असं ती म्हणायची. बाबा हसायचे, पण बोलायचे नाहीत. एकदा त्यांनी कोणाला तरी फोन लावला, तर पलीकडच्याने बँकेचं यंत्र समजून ठेवून दिला. त्यानंतर त्यांनी यंत्र फक्त गरजेपुरतं वापरलं.

पहिल्या ध्वनिमुद्रणाच्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला.

"दिसणार नाहीये कोणाला," आई म्हणाली.

"मला दिसतंय," बाबांनी उत्तर दिलं.

ते खुर्चीत ताठ बसले. बोलताना गळ्यातल्या भोकातून हवेचा फुसफुसाट होऊ नये म्हणून शब्दांपुरता श्वास रोखायचा, हे त्यांना दवाखान्यात शिकवलेलंच होतं. कात्रीने माइक ओठांच्या समोर ठेवला. त्यांनी यानाची वाक्यं वाचली. दिवे मंद केले आहेत. तुझी झोप पूर्ण झालेली नाही. आपण ठरलेल्या वाटेवर आहोत.

त्या आवाजाला फारसं काही करावंच लागलं नाही. मागे त्याच आवाजाच्या दुसऱ्या प्रतीची एक पुसटशी सावली, धातूच्या भिंतींचा थोडा प्रतिध्वनी, बस. दिग्दर्शकाने ऐकलं आणि प्रथमच त्याला नको असलेलं काही सापडलं नाही.

मालिका लोकांना आवडली. बाबा पालटले. ते सकाळी नाश्त्याला संहिता घेऊन बसायला लागले; यान असं बोलणार नाही, हे वाक्य फार लांबलंय, अशा दुरुस्त्या सांगायला लागले. घरचा फोन वाजला की पहिल्यांदा तेच उठायचे. "माहितीसाठी दोन दाबा," असं गंभीरपणे म्हणून पलीकडच्याला घाबरवायचे आणि खुर्चीत बसून खांदे हलवत हसायचे. आईने एकदा कात्रीला स्वयंपाकघरात ओढून नेलं आणि नुसता तिचा हात दाबला.

तो श्वास पहिल्यांदा दिसला तेव्हा कात्रीने तो न बघताच कापला.

वाक्य होतं, "दार बंद आहे. बाहेर हवा नाही." त्याच्या आधी स्क्रीनवर श्वासाचा तो नेहमीचा लहानसा फुगवटा होता, नटांच्या प्रत्येक वाक्याआधी असतो तसा. सवयीच्या हाताने तिने तो निवडला, पुसला आणि पुढच्या वाक्यावर गेली. तिथेही एक होता. तोही पुसला. तिसऱ्यावर हात थांबला.

बाबा तोंडाने श्वास घेत नाहीत. घेऊच शकत नाहीत.

तिने पुसलेलं परत आणलं आणि हेडफोन लावून ऐकलं. गळ्यातल्या भोकाचा आवाज तिला झोपेतही ओळखता आला असता. तो कोरडा, रुंद आणि खालून यायचा. हा तसा नव्हता. हा ओला होता. दातांच्या फटीतून गेलेला, जिभेवरून सरकलेला, शेवटी थोडा नाकात गुंजणारा. बोलायच्या बेतात असलेल्या माणसाने घ्यावा तसा.

कात्री घाबरण्यातली नव्हती. माइकमध्ये न घडलेलं काही शिरत नाही, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. तेव्हा हा श्वास तिचाच असणार. ध्वनिमुद्रणाच्या वेळी ती टेबलापाशी बसलेली असते. तिने टेबलापाशी बसून स्वतःचा श्वास टेपून पाहिला. तो लांबून आला, खोलीचा पोकळपणा घेऊन आला. हा तसा नव्हता. हा माइकच्या अगदी जवळून, बाबांच्या ओठांपेक्षाही जवळून आला होता. मग एखादी जुनी फाइल मिसळली असेल म्हणून तिने सगळं कोरं करून पुन्हा सुरुवात केली. पुढच्या वेळी तिने तार दाराखालून ओढून घेतली, स्वतः बाहेरच्या खोलीत बसली आणि बाबांना आत एकटं बसवलं.

श्वास होतेच. प्रत्येक वाक्याआधी एक. आधीच्यापेक्षा थोडे लांब.

तिने ते कापले. एका ठिकाणी मात्र तिच्या नजरेतून एक निसटला आणि तसाच दिग्दर्शकाकडे गेला. त्याचा लगेच फोन आला.

"तो श्वास!" तो म्हणाला. "यंत्र बोलायच्या आधी हवा आत घेतं. अंगावर काटा आला माझ्या. कसं सुचलं तुला? सगळीकडे ठेव."

तिने बरं म्हटलं. दुसरं काय सांगणार होती?

त्यानंतर दुधाची गोष्ट झाली. बाबा बैठकीत पेपर वाचत होते, आई आणि कात्री गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. एकाएकी आतून यंत्राचा आवाज आला, "दूध लागतंय." आई धावली. दूध खरंच खालून लागलं होतं, अजून उतू गेलं नव्हतं, धूरही नव्हता. गॅस बंद करताना आईच्या हातातला चिमटा खाली पडला. नाकातून हवा जात नसल्यामुळे बाबांना ऑपरेशनपासून कसलाच वास येत नव्हता. अत्तर कळत नव्हतं, गॅस गळला तरी कळला नसता. म्हणून तर आई त्यांना घरी एकटं ठेवायला घाबरायची.

दोघी त्यांना दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरांनी दिवा लावून घसा पाहिला, नळी घालून पाहिलं. सगळं होतं तसंच होतं. वाट बंद, टाके जुने झालेले. "कधी कधी मेंदूच वास आठवतो," डॉक्टर म्हणाले, "आणि योगायोगाने त्या वेळी दूधही लागतं." कात्रीला हे उत्तर आवडलं. घरी येईपर्यंत ते तिला पुरलं.

मालिका शेवटाकडे आली होती. एका दुपारी आई तिच्या खोलीत आली, दार लावून घेतलं आणि खुर्चीच्या काठावर बसली. तिचा चेहरा एखाद्या मुलीने गुपित सांगावं तसा झाला होता.

"तुझे बाबा घोरायला लागलेत गं," ती म्हणाली.

कात्रीने हेडफोन काढले.

"दुपारी पडतात ना, तेव्हा. आधी किती वैताग यायचा मला त्याचा. मग ऑपरेशन झालं आणि ते बंदच झालं, तर मला झोप लागेना. कोणाला सांगणार असलं? आता परत येतोय आवाज. मी नुसती शेजारी पडून ऐकत असते." तिने पदराने डोळे टिपले. "एकच गंमत आहे. नुसता आत घेतात. सोडतानाचा काही आवाजच नाही."

 आई गेल्यावर कात्रीने पहिल्या भागापासूनच्या सगळ्या मूळ फाइली उघडल्या. सुरुवातीच्या भागांतही श्वास होते, पण इतके पुसट की तेव्हा ते नजरेतून सुटले होते. शब्द सगळे बाजूला केले. नुसते श्वास उचलले आणि एका रिकाम्या ट्रॅकवर, ज्या क्रमाने ते आले होते त्याच क्रमाने एकापुढे एक ठेवले. हे काम ती रोज करायची, फक्त उलटं. नेहमी शब्द ठेवायची आणि श्वास टाकायची.

आईचं खरं होतं. सगळे आत घेतलेले होते. इतक्या भागांत एकदाही कोणी श्वास सोडलेला नव्हता.

आणि जोड दिसत नव्हते. दोन वेगळ्या दिवशी टेपलेले तुकडे शेजारी ठेवले की सांध्यावर टिचकीसारखा आवाज येतो. तो लपवण्यातच तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. इथे एकही टिचकी नव्हती. पहिला श्वास जिथे थांबत होता, तिथूनच दुसरा सुरू होत होता. स्क्रीनवरची रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड होती, हळूहळू फुगत गेलेली. तो एकच श्वास होता. कोणीतरी पहिल्या दिवसापासून तो घेत होतं, आणि तो अजून पुरा झालेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने बाबांना बोलावलं, खुर्चीत बसवलं आणि त्यांच्या कानांवर हेडफोन ठेवले. काय आहे ते सांगितलं नाही.

बाबांनी डोळे मिटून ऐकलं. मध्येच त्यांची मान किंचित कलली. तो चेहरा तिने तलावाच्या काठावरून हजारदा पाहिला होता. पाण्यात उतरणाऱ्या मुलाकडे बघतानाचा चेहरा. ऐकून झाल्यावर त्यांनी यंत्र गळ्याला लावलं.

"चांगला घेतोय."

"कोण?"

"पोटातून घेतोय. खांदे उचलत नाहीये. घाई नाही." त्यांनी हेडफोन कानांवरून उतरवले. "लांब जायचंय त्याला."

"बाबा, हा तुम्ही घेताय का?"

त्यांनी गळ्यावरच्या फडक्याकडे बोट दाखवलं. फडकं नेहमीसारखं हलत होतं. "मी इथून घेतो."

"मग तुम्हाला काहीच कळत नाही? तो घेतो तेव्हा?"

"कळतं ना. वाक्याच्या आधी दातांना गार लागतं."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि सांगितलं नाहीत?"

"काम बंद केलं असतंस," यंत्र म्हणालं. आवाज तोच, एका पट्टीतला, पण बाबा तिच्याकडे बघत नव्हते.

कात्रीला राग आला आणि पाठोपाठ रडू आलं. तिने दोन्ही गिळलं. "बाबा, घेतलेला श्वास कधीतरी सोडावा लागतो ना?"

"लागतो."

"कधी?"

"वर आल्यावर."

"कुठून वर?"

बाबांनी यंत्राचं बटण बंद केलं आणि ते मांडीवर ठेवून दिलं.

त्या दिवशी तिने ठरवलं. शेवटच्या भागाचं ध्वनिमुद्रण करायचं नाही. यानाची शेवटची वाक्यं फार नव्हती, आणि त्यांतला शब्द न्‌ शब्द आधीच्या भागांत कुठे ना कुठे येऊन गेला होता. तिने ते वेचले. दिवे. आधी. जातील. मग. मी. प्रत्येक शब्दाच्या पुढचामागचा भाग नखासारखा बारीक कापला, शब्द ओळीने जोडले, त्यांना सावली दिली, धातूच्या भिंती दिल्या. यान बंद पडल्यानंतरच्या शांततेसाठी एरवी रिकाम्या खोलीचा टेपलेला आवाज भरतात, तो तिने आणलाच नाही. तिथे काहीही ठेवलं नाही. स्क्रीनवर आडवी सरळ रेघ. ती पुन्हापुन्हा ऐकली. त्यात कोणी नव्हतं. दिग्दर्शकाने तो भाग ऐकला, तारीफ केली, फक्त या वेळी श्वास का नाही म्हणून थोडा कुरकुरला.

"यान बंद पडतंय," ती म्हणाली. "कशाला घेईल श्वास?"

बाबांना तिने हे सांगितलं तेव्हा ते खुर्चीत इस्त्रीचा शर्ट घालून तयार बसले होते. त्यांनी तिचं पुरतं ऐकून घेतलं. मग यंत्र उचललं, पण गळ्याला लावलं नाही; आपल्या खोलीत नेऊन खणात ठेवलं. त्या दिवसापासून ते पुन्हा बोलेनासे झाले. घरचा फोन वाजून वाजून बंद पडायला लागला. आई तिच्याशी तुटक वागायची. "माणूस उमलला होता," एवढंच ती एकदा म्हणाली.  आजाराने एकदा नेलेला आवाज तिने स्वतःच्या हाताने दुसऱ्यांदा काढून घेतला होता, आणि का ते कोणाला सांगावं असं तिच्याकडे काही नव्हतं.

"आणि घोरणं?" तिने धीर करून विचारलं.

"तेही थांबलं," आई भाजी चिरता चिरता म्हणाली. "घेऊन झालं असेल."

थंडी चांगलीच वाढली होती. मालिका संपून लोक तिच्याबद्दल बोलायचंही थांबले होते. कात्रीने नवं काम घेतलं, बोलक्या खेळण्याचं, गोड आवाजाचं. एका सकाळी ती चहाचा कप घेऊन खोलीतून बाहेर आली. बैठकीत बाबा खिडकीपाशी उभे होते, तिच्याकडे पाठ करून, काचेच्या अगदी जवळ.

"बाबा, चहा घेणार?"

त्यांनी मागे न बघता एक बोट वर केलं. थांब.

ती पुढे झाली आणि बाजूने पाहिलं. त्यांचे हात मोकळे होते. ओठ किंचित गोल झाले होते, पाण्यातून वर आल्यावर श्वास कसा सोडायचा हे ते मुलांना करून दाखवायचे तसे. गळ्यावरचं फडकं हलत नव्हतं.

काचेवर, त्यांच्या तोंडाच्या उंचीवर, वाफेचा एक पांढरा डाग होता.

तो वाढत होता.

कात्री फडक्याकडे बघत राहिली. ते हलेल म्हणून. तिने नकळत आपला श्वास रोखला होता. तो तिला सोडावा लागला, पुन्हा घ्यावा लागला, पुन्हा सोडावा लागला, पुन्हा घ्यावा लागला. फडकं तसंच होतं. डाग चौकटीच्या कडेला टेकला आणि वर चढू लागला.

खोलीत कसलाही आवाज नव्हता.

स्वयंपाकघरातून आई हात पुसत आली. तिच्या मागच्या खिडकीतून लख्ख ऊन आत पडलं होतं. तिने बैठकीच्या काचेकडे पाहिलं.

"आज धुकं पडलंय वाटतं," ती म्हणाली.

पहिली काच पांढरी होऊन गेली होती. बाबांच्या समोर नसलेली दुसरी काच खालच्या कोपऱ्यातून पांढरी व्हायला लागली.